न भरणारी जखम, नखातली काळी रेघ

आरोग्य प्रश्नोत्तरे : त्वचेचा कर्करोग

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. जन्मभर नऊवारी नेसून शेतात राबली. कमरेला जिथे लुगड्याची गाठ रुतते, तिथे दीड वर्षापासून जखम आहे. मलम लावलं की खपली धरते, पुन्हा उकलते. दुखत नाही म्हणून ती दवाखान्यात यायला तयार नाही. – एक वाचक, केज

उत्तर : आईंना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. जखम कर्करोगाचीच असेल असं नाही, पण दीड वर्ष न भरलेल्या जखमेबद्दल तिचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय कुणीही खात्री देऊ शकत नाही. न दुखण्यावर तर मुळीच विसंबू नका. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं काचत राहिलं, की कातडी आधी काळी पडते, मग जाड, खरखरीत होते, मग भेगा पडून जखम होते. सतत उकलणाऱ्या आणि भरून येऊ पाहणाऱ्या अशा कातडीत काही जणांना पुढे कर्करोग होतो. धोतराच्या काचाने होणाऱ्या कमरेच्या कर्करोगाबद्दल मुंबईचे रोगनिदानतज्ज्ञ डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं आहे. परकराच्या घट्ट नाडीनेही हेच घडतं.

घरी दिवसाउजेडी जखम नीट बघा. कडा वर आलेली, बाहेर वळलेली आणि बोटाला कडक लागते का? तळ फुलकोबीसारखा दाणेदार आहे का? हात लागला की रक्त येतं का, घाण वास येतो का, जांघेत गाठ लागते का? यातलं एक जरी असेल तर एक दिवसही थांबू नका.

डॉक्टर जागा बधिर करून ३-४ मिलिमीटरचा तुकडा काढतात. तो जखमेच्या कडेचा असायला हवा. मधला भाग बऱ्याचदा मेलेला असतो, त्यात रोग सापडत नाही आणि अहवाल फसवा येतो. अहवाल चांगला आला पण जखम तरीही भरेना, तर पुन्हा तुकडा घ्यायला सांगा. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती खोटी आहे, आणि या भीतीपायी आपल्याकडे लोक फार उशिरा येतात याचं वाईट वाटतं. चुना-सोडा, झाडपाला, डाग देणं हे काहीही करू नका. त्याने वरचा थर जळतो आणि खालचा रोग वाढत राहतो. लवकर सापडला तर आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसह रोगाची जागा काढून टाकणं बहुतेकदा पुरतं.

तुम्हाला अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. निदान झालंच तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, तेव्हा रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

घरातल्या बाकी बायकांनी लुगड्याची गाठ थोडी सैल बांधावी, जागा बदलत राहावी, परकराला दोरीऐवजी रुंद पट्टी लावावी. जुन्या भाजल्याच्या वणावरची जखम, मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायावरची जखम यांनाही हाच नियम : चार आठवड्यांत भरली नाही, तर दाखवायची.

प्रश्न : पायाच्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ आली आहे. मार लागल्याचं आठवत नाही. – एक वाचक, औसा

उत्तर : सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांत अशा बारीक रेघा असतात, त्यांची काळजी नको. एकाच नखात, त्यातही अंगठ्याच्या, नवी रेघ आली असेल आणि ती ३ मिलिमीटरहून रुंद असेल, बुडाशी रुंद होत चालली असेल, रंग कुठे काळा कुठे तपकिरी असेल किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर ताबडतोब दाखवा. हा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, असू शकतो.

साकळलेलं रक्त असेल तर नख वाढेल तसा डाग पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. म्हणून मोजपट्टी शेजारी ठेवून आज फोटो काढा, दोन महिन्यांनी पुन्हा काढा. वरची लक्षणं असतील तर मात्र फोटोसाठी थांबू नका.

आपल्या रंगाच्या माणसांत मेलॅनोमा तळपाय, तळहात आणि नखांत जास्त सापडतो. तिथे उन्हाचा संबंध नसतो, त्यामुळे उन्हापासून वाचवणारं क्रीम लावून तो टळत नाही. महिन्यातून एकदा पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह तळवे बघायचे.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीच्या तोंडावर तपकिरी ठिपके वाढत आहेत, उन्हात ती डोळे उघडत नाही. आमचं लग्न नात्यातलंच आहे. – एक आई, जिंतूर

उत्तर : ताई, ठिपके साधेही असू शकतात, पण झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा आनुवंशिक आजार नाही ना, हे तपासायलाच हवं. त्यात उन्हाने बिघडलेल्या पेशींची दुरुस्ती होत नाही आणि दहा वर्षांच्या आतही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्वचेच्या आणि डोळ्यांच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. तपासणी होईपर्यंत तिला दिवसा घरातच, खिडकीपासून दूर खेळू द्या. बाहेर जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, गॉगल आणि उन्हापासून वाचवणारं, एसपीएफ ५० लिहिलेलं क्रीम हवंच. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, निघण्याआधी २० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. आजार ठरला तर ऊन टाळल्याने 'ड' जीवनसत्त्व कमी पडतं, ते डॉक्टर देतील. आईवडील दोघांत हा दोष दडलेला असेल, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून धाकट्या भावंडांनाही दाखवा.