कोयोटी पडला की हशा, आमचा बोका पडला की हळहळ

प्रश्न : ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या शॉर्टमध्ये (छोट्या कार्टूनपटात) उंदीर बोक्याला कड्यावरून ढकलतो. पडणं 3 सेकंद, मग क्लोजअप आणि कण्हणं. वर्गात हसायचं सोडून सगळे ‘अरेरे’ म्हणाले. तव्याचा फटकाही मिळमिळीत वाटतो. जुन्या कार्टूनमध्ये तर याहून भयंकर मार असतो! (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : 3 सेकंद म्हणजे 72 फ्रेम (सेकंदाला 24 चित्रं). तेवढ्यात प्रेक्षक बोक्याच्या हाडांची काळजी करू लागतो. रोड रनर या पळपुट्या पक्ष्यामागे लागणाऱ्या कोयोटीच्या मालिकेत (पहिली शॉर्ट 1949) दिग्दर्शक चक जोन्स यांनी त्याच्या पडण्याचं गणितच बसवलं होतं : वरून बघताना तो दिसेनासा व्हायला 18 फ्रेम, नंतर 14 फ्रेम काहीच नाही, मग तळाशी धुळीची बारीकशी फुसकुली. सगळं मिळून दीड सेकंदही नाही. आपटणं जवळून दिसतच नाही. हसू फुटतं ते त्या रिकाम्या 14 फ्रेममध्ये.

वाचलेला वेळ पडण्याआधी खर्च करा. कडा संपलाय, पण बोक्याला पत्ता नाही : 12 फ्रेम. पायानं खाली चाचपणं : 8. मग आपल्याकडे बघणं, 16 ते 20 फ्रेमचा होल्ड, म्हणजे चित्र तसंच थांबवणं. त्यात एकदा पापणी लववा, नाहीतर फाइल अडकल्यासारखी वाटते. मग आधी धड खाली जातं, मान ताणते आणि चेहरा सगळ्यात शेवटी सुटतो.

क्लोजअप आणि कण्हणं दोन्ही काढा. आवाज हवाच असेल तर किंकाळी घाला. टॉम अँड जेरीमधल्या टॉमची गाजलेली किंकाळी त्याच्या दोन जनकांपैकी एक, विल्यम हॅना यांचीच. तिची सुरुवात आणि शेपूट कापून मधला जोरकस भाग तेवढा ठेवत. पुढच्या शॉटला बोका नवा बेत घेऊन हजर हवा. डोक्याला पट्टी चालेल, लंगडणं नको.

तव्याचं म्हणाल तर तवा डोक्याला टेकल्याचं ड्रॉइंग सरळ उडवा. तवा मागे ताणलेला 6–8 फ्रेम, मध्ये एक फरफटलेलं (वेगानं ताणलेलं) ड्रॉइंग, पुढच्याच फ्रेमला चेहऱ्याचा तवा. चेहरा चपटा होताना तितकाच रुंदही व्हायला हवा. नाहीतर बोका आक्रसल्यासारखा दिसतो. नंतरची थरथर एकेका फ्रेमवर, दरवेळी थोडी कमी, 10–12 फ्रेममध्ये शांत. ‘ठण्ण’ एखादी फ्रेम उशिरा आला तर खपतो, आधी आला तर फटका पोकळ होतो.

आणि तो उंदीर निष्कारण का ढकलतोय? टायमिंगपेक्षा मोठी चूक हीच. कोयोटीला इजा होते ती स्वतःच्या धांदरटपणानं किंवा ॲक्मे या कार्टूनमधल्या काल्पनिक कंपनीच्या भिकार मालामुळे, हा जोन्स यांचा नियम. बोक्याला स्वतःच्याच सापळ्यावर पाय देऊ दे.

प्रश्न : टॉम अँड जेरीचे काही भाग नुसते दुष्टच वाटतात. त्यात एक जाडा मालक टॉमला बदडतो. हे वेगळ्या लोकांनी केलेत का? (वाचक, मिरज)

उत्तर : हो. मूळ जोडी हॅना–बार्बेरा यांच्या 114 शॉर्ट 1940 ते 1958 मधल्या. तुम्ही म्हणता त्या दिग्दर्शक जीन डाइच यांच्या, 1961–62 मध्ये प्रागला झालेल्या 13 पैकी. टॉमचा डाव त्याच्यावरच उलटला तर आपण हसतो. इथे संतापानं लालबुंद झालेला माणूस जनावराला मारतो. त्यात घुमणारे आवाज. अंगावर येणारच.

प्रश्न : टीव्हीवर स्फोट ठेवतात, पण स्फोटानंतरचा काळा चेहरा कापतात. हा काय न्याय? (पालक, ठाणे)

उत्तर : आक्षेप काजळीला नाही. जाड ओठ, केसांच्या वेण्या असं ते चित्र असतं. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ करत, त्यांची ही नक्कल. मार बोक्याला, चेष्टा माणसांची. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या 11 शॉर्ट तर याच कारणानं 1968 मध्ये टीव्ही वितरणातून काढल्या गेल्या. टॉमच्या घरातल्या कृष्णवर्णीय मोलकरणीचा आवाजही पुढे टीव्हीसाठी बदलला, काही ठिकाणी तिच्या जागी गोरी बाई काढली.

कात्री कुठे लागली ते कानाला कळतं. टॉम अँड जेरीचे संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत चित्राच्या पावलावर पाऊल टाकत जातं. स्फोटानंतर सुराला मध्येच हिसका बसला, की तिथलं काहीतरी गेलंय.