‘लिम’ म्हणजे मजरे का?

विचारणा अशी आहे : इंग्लंडमधल्या केंट या भागाच्या इतिहासाचा मराठी अनुवाद करताना ‘टेंटरडन हे राय बंदराचे लिम होते’ अशा अर्थाचे वाक्य येते. लिम म्हणजे शब्दशः हात-पाय. मग इथे ‘शाखा’ लिहावे, ‘मजरे’ की ‘अवयव’? आणि ‘पॅरिश’ला ‘परगणा’ चालेल का?

आधी पॅरिश. परगणा नको. दोन्ही शब्द ‘प’ने सुरू होतात म्हणून हात तिकडे वळतो, पण परगण्यात पुष्कळ गावे येतात आणि पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतली वस्ती आणि जमीन. वसईचे ख्रिस्ती मराठीभाषक त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात. इतका नेमका शब्द घरात असताना दुसरा शोधायचे कारण नाही.

लिमची गोष्ट मोठी आहे. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर हेस्टिंग्ज, रॉम्नी, हाइद, डोव्हर आणि सँडविच या पाच बंदरांचा संघ होता. त्याला ‘सिंक पोर्ट्स’ म्हणतात. शब्द फ्रेंच ‘पाच’चा, उच्चार मात्र इंग्रजांनी ‘सिंक’च ठेवला. या बंदरांनी राजाला वर्षातून १५ दिवस स्वखर्चाने ५७ जहाजे द्यायची, प्रत्येकावर २१ माणसे आणि एक पोरगा. बदल्यात करमाफी आणि स्वतःची न्यायालये. हा भार एकट्या बंदराला पेलेना, तेव्हा आसपासची गावे भाराला आणि सवलतींना वाटेकरी झाली. तीच लिम्स. राय स्वतः आधी हेस्टिंग्जचे लिम होते. पुढे १४४९ मध्ये सहाव्या हेन्रीच्या सनदेने टेंटरडन रायला जोडले गेले. म्हणजे अंगालाच अंग फुटले!

म्हणून मला ‘अंग’ हाच शब्द योग्य वाटतो. आपल्याकडे चतुरंग सैन्यात अंग याच अर्थाने येते, आणि जबाबदारी आपण ‘अंगावर घेतो’, तेही इथे चपखल बसते. ‘शाखा’ म्हटले की मूळ खोड आणि त्यातून फुटलेली फांदी डोळ्यांपुढे येते. मजरे तर मूळ गावातूनच निघालेली, जवळपास वसलेली आणि त्याच गावात मोजली जाणारी वाडी. टेंटरडन रायमधून निघालेले नव्हतेच. ते कापडाच्या धंद्यावर सधन झालेले स्वतंत्र गाव होते. ज्या अंगांना स्वतःची सनद होती त्यांना ‘सनदी अंग’ म्हणावे, इतरांना ‘बिनसनदी’. ‘अवयव’ मात्र वैद्यकातच राहू द्यावा.

टेंटरडन समुद्रकाठी नाही, मग बंदराशी त्याचा संबंध कसा? जवळच्या स्मॉलहाइद या वस्तीमुळे. ‘हाइद’ म्हणजे माल उतरवायची जागा, आपला धक्का. रॉदर नदीच्या पाण्यावर तिथे जहाजे बांधली जात, लाकूड वील्ड नावाच्या आतल्या जंगली भागातल्या ओक-रानांतले. पाचव्या हेन्रीसाठी ‘जीझस’ हे सुमारे १००० टनांचे जहाज तिथलेच. पुढे नदी गाळाने भरली. आज त्या धक्क्याभोवती शेते आणि कुरणे आहेत.

गावाच्या नावातही एक जुनाच जमीनसंबंध आहे. ‘डन’ म्हणजे डुकरे चारायचे रान. बेनेंडन, बिडेंडन, रोल्व्हेंडन ही शेजारची नावे त्याच घडणीची. टेंटरडन म्हणजे ‘थॅनेटवाल्यांचे चराईरान’. थॅनेट हा केंटच्या पूर्व टोकाचा भाग, तिथले लोक ओकची फळे खायला डुकरे इतक्या दूर हाकत आणत. म्हणून ‘गायरान’ लिहू नये, गायरान गावाला लागून असते. टेंटरडनच्या धर्मग्रामाचे चर्चही संत मिल्ड्रेडच्या नावाचे आहे, आणि ती थॅनेटमधल्या मठाची मठाधिपती होती.

तेव्हा वाक्य असे करावे : ‘१४४९ मध्ये टेंटरडन हे राय बंदराचे सनदी अंग झाले.’ पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे जहाजांच्या भाराचे आणि सवलतींचे वाटेकरी’ एवढे जोडावे, पुढे नुसते ‘अंग’ पुरे.