टर्नटेबलला वाद्य म्हणता येईल का? प्रायोगिक संगीतासाठी कोणता घ्यावा?

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवून वाजवायचं यंत्र, हे वाद्य आहेच. हे अजून विचारावं लागतं याचाच मला राग येतो.

आमचे एक काका तबला वाजवतात, आणि उत्तम वाजवतात. गणपतीत सगळे जमले असताना मी टर्नटेबल लावला, तर म्हणाले, "दुसऱ्याने वाजवलेलं फिरवायचं, त्यात तुझं काय?" मी एका घासलेल्या एलपी रेकॉर्डवर चिकटपट्टीचा तुकडा आडवा लावला आणि सुई सोडली. पट्टीला अडखळून सुई मागच्या खाचेत उडी घेते आणि तोच फेरा पुन्हा सुरू होतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा. सनईचा तुटका सूर, खट्, परत सूर. कडेला बोट टेकवलं की सूर खाली ओघळतो, उचललं की चढतो. किती टेकवायचं हे बोटालाच कळावं लागतं, बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट दाबून घुमारा काढताना कळतं तसं. काकांनी मांडीवर ठेका धरला होता, तरी म्हणाले, "ही करामत झाली."

अहो, ज्या पेटीबरोबर तुम्ही जन्मभर बसलात, तिलाही आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं!

अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९३९ मध्ये सिएटलला जी रचना केली, तिच्यात पियानो आणि झांजेच्या बरोबरीने दोन टर्नटेबल आहेत. त्यांवर चाचणीच्या एकसुरी रेकॉर्डी लावायच्या आणि वेग बदलून सूर सरकवायचे. टर्नटेबल वाजवणारा कलाकार ख्रिश्चन मार्क्ले, त्याने १९८५ मध्ये वेष्टनाशिवाय रेकॉर्ड विकायला काढली. तिच्यावर पडणारे ओरखडे आणि धूळ हा त्या संगीताचाच भाग. आणि जपानचे ओतोमो योशिहिदे तर रेकॉर्ड न लावताही टर्नटेबल वाजवतात. आता सांगा, यात दुसऱ्याचं गाणं कुठे आलं? घरात कुणी असं बोललं तर आधी ओतोमोंचं वादन ऐकवा, वाद नंतर घाला.

कोणता घ्यावा म्हणाल, तर डायरेक्ट ड्राइव्हचा, म्हणजे ज्यात मोटर थेट तबकडी फिरवते असा, जुना चालेल. पट्ट्याने फिरणारा हाताने अडवला की वेग पकडायला वेळ लावतो. स्वस्तातल्या सुया जास्तीच्या ठेवा, या कामात त्या लवकर जातात. आणि हो, हे प्रयोग आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींवर करू नका. त्या ठिसूळ असतात, शिवाय एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेत नीट बसत नाही.