अल्झायमरवर नवी औषधं आलीत, मग ती सर्रास का दिली जात नाहीत?

कारण फायदा मोजका आणि खटाटोप मोठा. लेकानेमॅबचंच घ्या. १८ महिन्यांच्या चाचणीत स्मृती आणि आकलनाची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, असं छापून येतं. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक जेमतेम ०.४५ गुणांचा. गेलेली स्मृती परत येत नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगायला हवं.

आजार सुरुवातीचाच हवा आणि मेंदूत अमायलॉइड (या आजारात साचणारं प्रथिन) असल्याचं पेट स्कॅनने किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीने सिद्ध व्हावं लागतं. मग दर किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून. मध्ये मध्ये एमआरआय, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं अमायलॉइड निघताना मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो. चाचणीत सूज १२.६ टक्के लोकांत दिसली. बहुतेकांना लक्षणं नव्हती. एपीओई४ या, अल्झायमरशी जोडलेल्या जनुकाच्या दोन प्रती असतील तर सूज-रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो.

अमेरिकेत सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, स्कॅन वेगळे. २०२४ मध्ये आलेलं डोनानेमॅब चार आठवड्यांनी एकदा, आणि अमायलॉइड साफ झालं की थांबवता येतं. बाकी मान्यता म्हणजे खप नव्हे: याच प्रकारच्या अ‍ॅड्युकानुमॅबला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, २०२४ मध्ये कंपनीनेच ते गुंडाळलं.