खुंटीवरची माळ

मावशी, आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. पेटी वाजवायची माझी मैत्रीण. 2020 साली पायी वारी निघाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा रोज संध्याकाळी फोनवर हरिपाठ म्हणून हिनेच आम्हाला धरून ठेवलं होतं. गेल्या भाद्रपदात तिचा तरुण मुलगा अपघातात गेला. तिने गळ्यातली तुळशीची माळ काढून खुंटीला अडकवली. एकादशी सोडली, भजनाला येत नाही. मी रोज सकाळी तिला विठ्ठलाचा फोटो आणि सुविचार पाठवते. वाचते, पण उत्तर देत नाही. मंडळातल्या बायका म्हणतात, माळ काढणं पाप आहे. तिला पुन्हा भक्तीला कशी लावू?
– एक टाळकरीण

ताई,

आधी ते सुविचार थांबवा. आजपासूनच. तुमची माया कळते मला, पण जिचं पोर गेलंय तिला उठल्या उठल्या ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे वाचायला मिळालं तर काय होईल? तरी ती उघडून बघते. मला त्यातच बरंच काही दिसतं.

आता माळेचं. वारकऱ्याच्या घरात माळ उतरणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पण तिने ती नदीत सोडली नाही, खुंटीला अडकवली. रुसलेलं माणूस असंच करतं, आणि परक्यावर कुणी रुसत नाही. पाप म्हणणाऱ्यांना विचारा, जनाबाईने विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून ज्या शिव्या घातल्यात, त्या आपण टाळ धरून गातो की नाही? तुकोबांची बायको दुष्काळात ‘अन्न अन्न’ करत गेली, ते त्यांनी अभंगात लिहून ठेवलं. संतांनी आकांत केला तर आपण त्याला चाल लावतो, शेजारणीने केला की पाप!

सप्ताहात वीणेचा पहारा पाहिलाय ना तुम्ही? मध्यरात्री उभं राहून विणेकऱ्याचे पाय भरून येतात. मग दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. वीणा खाली टेकत नाही. थकून कडेला झोपलेल्याला कुणी ‘तुझी भक्ती कमी पडली’ म्हणत नाही. 2020 साली तुमच्या सगळ्यांचा पहारा तिने केला. आता तिचा तुम्ही करा. तिच्या वाटचं नाम तुम्ही घ्या, आणि हे तिला सांगायला जाऊ नका.

सांगायचं नाही, पण तिच्या घरी मात्र जायचं. आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. निवडायची मेथी घेऊन जा. हात कामात असले की माणूस बोलतं. देवाचा विषय तुम्ही काढू नका. मुलाचा काढा, नाव घेऊन. गेलेल्याचं नाव सगळे टाळतात आणि आईला वाटतं, लोक विसरले. तिने देवाला बोल लावले तर विठ्ठलाची वकिली करू नका. अठ्ठावीस युगं उभा आहे तो, तेवढं सोसेल.

भजनाला चल म्हणून आग्रह नको. त्यापेक्षा एखादी चाल अडली की तिलाच फोन करा, ‘ही कुठल्या पट्टीत घ्यायचो गं आपण?’ एवढंच. उत्तर देऊन तिने फोन ठेवला तरी चालेल.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. जेवणझोप पार सुटली असेल किंवा ‘मी पण त्याच्यामागे जाते’ अशी भाषा आली, तर तिला एकटी सोडू नका आणि सरळ डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलतात. डॉक्टरकडे नेलं म्हणून पांडुरंग रागावत नाही.

आणि माळ कधी घालणार, हे विचारू नका. आषाढीला जाल तेव्हा तिच्यासाठी पुडीभर बुक्का आणा. नको म्हणाली, तर तिच्या नावाने तुमच्याच देव्हाऱ्यात ठेवा.

– मावशी