पेनाचं टोपण

"डॉक्टर पंधरा मिनिटं बोलले, पण मला काहीच आठवत नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" गंभीर आजाराचं निदान ऐकून आलेली माणसं हे मला, त्यांच्या समुपदेशिकेला, वारंवार विचारतात.

पन्नाशीच्या एक शिक्षिका आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहिल्या भेटीत नुसता संताप. "सांगून मोकळे झाले! आता काही उपाय नाही, एवढं कळलं."

"असं म्हणाले ते?"

"म्हणायला कशाला हवं?"

तीन भेटी मी तो राग शांत करण्यातच घालवल्या. चौथ्या भेटीत कागद पुढे केला. "त्या दिवशीचं आठवेल तेवढं लिहा." बराच वेळ हात हलेना. शेवटी दोनच ओळी उमटल्या. 'कॅन्सर.' आणि खाली, 'त्यांनी पेनाला टोपण लावलं.'

कागद पुन्हा वाचून त्याच थबकल्या. "उपाय नाही असं ते बोललेच नव्हते. ते मी टोपणावरून ठरवलं."

त्या क्षणी मलाही उमगलं. तो एक शब्द कानावर पडला की पुढचं ऐकू येणंच थांबतं. मग उरलेली जागा भीती भरून काढते, हाती लागेल त्या खुणेवरून. यात डोकं बिघडल्याचं काही नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांत घडले, त्यामुळे समजावण्याआधी विचारावं हा माझा आग्रह जुनाच. बेल, बकमन हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली कर्करोगतज्ज्ञांसाठी वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यातही निदान सांगण्याआधी, रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचं आहे, हे विचारायला सांगितलं आहे.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल, तर तुम्ही सांगा. पुन्हा वेळ मागा, त्यात संकोच नको. जवळचं माणूस सोबत न्या आणि लिहून घेण्याचं काम त्याच्याकडे द्या. प्रश्न घरूनच लिहून न्या, पण मोजकेच. निघण्यापूर्वी, "मला असं कळलं, बरोबर ना?" म्हणून आपल्या शब्दांत बोलून दाखवा. सगळं आजच ऐकायचं नसेल, तर तेही स्पष्ट सांगा.

बाई बहिणीला घेऊन पुन्हा गेल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या वेळी त्या शब्दापुढचं मला काही ऐकूच आलं नाही."

डॉक्टर क्षणभर थांबले. मग टोपण काढून त्यांनी कोऱ्या कागदावर उपचारांचा क्रम लिहायला घेतला.