दर ठरवणारी सभा कुठे भरते?

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याची नोकरी सोडून गावात आलीस, त्यावर मी काही बोलणार नाही. शाबासकी द्यायला आणि वेड्यात काढायला तुझ्याभोवती माणसं पुष्कळ आहेत. मला खटकलं ते तुझ्या पत्रातलं एकच वाक्य : "लोक एकत्र येत नाहीत आप्पा, म्हणून इंटरनेटचं काम सध्या माझ्या नावावर घेते, पुढे गावाला सामील करून घेऊ." त्याच्याच खाली विचारलंयस की सोलरवाली कंपनी काकांची जमीन भाड्याने मागतेय, द्यावी का. तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मी दोन्हींना एकच प्रश्न विचारतो : दर ठरवणारी सभा कुठे भरणार?

आधी काकांचं. सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. मुरमाड, कोरडवाहू रानाला कापूस एवढं देत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. काका भाड्याने देत असतील तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण मग ते जमीनमालक राहतील, वीजवाले होणार नाहीत. केंद्राच्या कुसुम या सौर योजनेच्या 'अ' घटकात ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प शेतकऱ्यांच्या गटाला, सहकारी संस्थेला, अगदी ग्रामपंचायतीलासुद्धा उभारायची मुभा ठेवलेली आहे. हा कागद गावात कुणी वाचून दाखवला का? कंपनीचा माणूस वाचून दाखवणार नाही, ते त्याचं कामही नाही. विजेचा खरेदीदर गाव ठरवत नाही, हे मान्य. पण हप्ता फेडून जे उरेल त्यातून आधी शाळेचं छत करायचं की शेततळं, हे ठरवणारी सभा तरी चावडीवर भरेल.

आपल्याकडे ऊन आणि वारा कमी कधीच नव्हता. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे. त्या पंख्यांचा निर्णय जिथे होतो तिथल्या खुर्चीत ब्राह्मणवेलचा माणूस कधी बसला होता का? आणि जमिनीचा भाव आत ठरताना माणूस बाहेर उभा राहिला की काय होतं, ते विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी २०१८ साली मंत्रालयात जाऊन, विष घेऊन दाखवलं. त्यावर जास्त लिहवत नाही.

तू म्हणशील, आप्पा, मी काही बाहेरची कंपनी नाही, मी गावचीच. इथेच तुझी गफलत होते. मालक गावातला असणं वेगळं आणि गाव मालक असणं वेगळं. नव्वदच्या दशकातले आपले केबलवाले आठव, म्हणजे वडिलांना विचार. गावातलाच पोरगा, डिश त्याची, वायर त्याची, महिन्याचे पैसे तोच ठरवणार. २०११ साली कायदा बदलला, सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि शेवटच्या टप्प्यात खेडीही त्यात आली. सिग्नल वरून यायला लागला आणि तो पोरगा वसुलीवाला झाला. त्याच्यासाठी गाव उठलं का? कशाला उठेल? गावाचं त्यात काही नव्हतंच. उद्या कंपनीनं तुझी इंटरनेटची फ्रँचायझी काढून घेतली तर तुझ्यासाठीही कुणी उठणार नाही. तो करार पुन्हा काढ आणि एवढंच बघ : करार संपल्यावर फायबर कुणाचं आणि गिऱ्हाईक कुणाचं. दोन्ही कंपनीचं असेल तर तू बाई पगाराविना नोकरीला लागलीस.

शेअर घेतला म्हणजे मालकी आली, हेही डोक्यातून काढ. अमळनेरात विप्रोचे शेअर घरोघर निघतात. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. लोक गब्बर झाले, चांगलं झालं, मला त्याचा हेवा नाही (थोडा आहे, माझ्या वडिलांना कुणीतरी दिले होते, त्यांनी घेतले नाहीत). पण कंपनीची सभा बंगळूरला गेली. अमळनेरला लाभांश येतो, मत मागायला कुणी येत नाही. तुला लाभांश हवा असेल तर तसं सांग, मी दुसरं पत्र लिहितो.

आता हे मी कुठून शिकलो ते. मामाच्या गावी पांझरा नदीवर फड होता, म्हणजे रानाचे मोठे तुकडे (फड) पाडून गावानं मिळून पाणी द्यायची पद्धत. बंधारा गावाचा, पाट गावाचा. कुठल्या फडात यंदा कुठलं पीक, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि मग त्या फडात सगळ्यांचं तेच पीक. पाणी सोडायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या, आणि त्यांचा मोबदला धान्यात. पाटकऱ्याला पाटलाच्या वावराकडे बारं जास्त वेळ उघडं ठेवायची सोय नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी त्याच माणसांसमोर उभं राहायचं होतं. तीनशे-चारशे वर्षं चाललेली गोष्ट आहे ही, आणि तू मला लिहितेस की खान्देशात लोक एकत्र येत नाहीत! वर धरणं झाली, नदीचं पाणी कुणी कधी सोडायचं याची सभा सरकारी कचेरीत गेली, त्यानंतर बहुतेक फड मोडले. आधी सभा गेली, मग माणसं पांगली. तू हा क्रम उलटा वाचतेस.

आमच्या तापीवरच्या उपसा सिंचन सोसायटीचं तू काही लिहिलं नाहीस, संकोच केला असशील. मीच लिहितो, कारण गावात अजून बोललं जातं, "आप्पा, हाई तुमनामुये व्हयनं" (हे तुमच्यामुळे झालं). वीजबिल वाढत होतं आणि पाणीपट्टी जुनीच. सचिव म्हणून मी सभेत दरवाढीचा विषय ठेवला, सभेनं फेटाळला. पुन्हा ठेवला, पुन्हा फेटाळला. बिल थकलं, वीज तुटली. मग बाहेरचा एक ठेकेदार आला : थकबाकी मी भरतो, मोटारी मी चालवतो, पाण्याचा दर माझा. मी त्याच्याविरुद्ध उभा राहिलो आणि ठराव पडला. पाणी आलं नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बोअर मारले, बाकीचे पावसावर गेले. नदीत पाणी आणि काठावर बंद योजना, हे सारंगखेडा-प्रकाशाकडे किती ठिकाणी झालं ते तू पाहिलंस. ठेकेदाराचं पाणी आलं असतं, हे मी कधीच नाकारलं नाही. पण पीक भरात असताना, कापूस बोंडावर असताना त्यानं दर दुप्पट केला असता तर सांगायला कुठे गेलो असतो? आमच्या सभेनं चुकीचा दर ठरवला. चुकीचा ठरवला तो सभेनं, हे तरी आम्हाला माहीत आहे. लोकांना हे पटत नाही. तुला पटलं नाही तरी चालेल, पण वाचून घे.

सहकाराचं नाव आलं की लोक हसतात. हसू देत, कारण आहे हसायला. साखर कारखान्यांच्या सभा पाहिल्यात ना, व्यासपीठावरून विषय वाचायच्या आत मागून "मंजूर, मंजूर". ती सभा गावात भरते, पण भरत नाही. विजेतही तेच. १९६९च्या सुमारास नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा आणि बेळगावकडे हुक्केरी, अशा दोन सहकारी वीजसंस्था निघाल्या. मुळा-प्रवरेवर महावितरणची थकबाकी प्रचंड चढली आणि २०११ साली तिचा परवाना संपला, हुक्केरी अजून वीज वाटते. म्हणून म्हणतो, सोसायटीची पाटी लावून भागत नाही. बँडविड्थचं, म्हणजे वरून घाऊक घेतलेल्या इंटरनेटचं बिल किती, वसुली किती, हे दर महिन्याला फळ्यावर लिहायचं. आमच्या सभासदांना बिलाचा आकडा वर्षातून एकदा कळायचा, तोही जेवणाच्या पंगतीआधी. भुकेल्या माणसासमोर दरवाढ ठेवू नये.

इंटरनेट गावानं चालवल्याचं उदाहरण मागितलंस. इंग्लंडात लँकेशरमध्ये २०११ साली गावकऱ्यांनीच संस्था काढली, शेतकऱ्यांनी स्वतःच्या वावरातून फायबर फुकट जाऊ दिलं, लोकांनी स्वतः चर खणले, आणि खणण्याच्या मजुरीबदल्यात अनेकांनी शेअर घेतले. घरोघर एक गिगाबिट गेलं. विजेचं हवं असेल तर गुजरातेत खेडा जिल्ह्यातलं धुंडी बघ. सौरपंपवाल्या मूठभर शेतकऱ्यांची सहकारी मंडळी, शेताला पाणी देऊन उरलेली वीज वीजकंपनीला विकते. लांब कशाला, साक्री तालुक्यात जंगल राखणाऱ्या बारीपाड्याला जाऊन ये. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ते सगळे सांगतील, तू तिथे जंगलाचे नियम कुणी आणि कुठे बसून केले ते विचार.

कामाचं बोलतो. प्रोड्युसर कंपनीच्या मागे लागू नकोस. तिथे सभासद प्राथमिक उत्पादक लागतो, म्हणजे शिंपी, मास्तर, किराणावाला बाहेर, आणि इंटरनेट तर त्यांनाही लागतं. १९६०च्या कायद्याखाली सहकारी संस्था काढ. दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं लागतात, आणि कुणी कितीही शेअर घेतले तरी मत एकच. सरपंचाचा मेव्हणा येईल, येऊ दे, त्यालाही एकच. वरची बँडविड्थ कुणाकडून तरी विकत घ्यावीच लागेल, त्यात कमीपणा नाही. पण गावातलं फायबर, खांबावरची पेटी, ओएलटी (फायबरवर सिग्नल सोडणारं यंत्र) आणि गिऱ्हाइकांची यादी संस्थेच्या नावावर. तू पगारी व्यवस्थापक हो. पगार चांगला घे, लाजू नकोस, पण तो ठरवायचा सभेनं. फायबर जोडायचं स्प्लायसिंग तुला येतं, पोटनियम मला येतात.

दहा नावं पाठव. त्यात तुमच्या भावकीतली तीनाच्या वर नकोत आणि बाया निम्म्या हव्यात, त्या बिल वेळेवर भरतात. "लोक तयार नाहीत" असं पुन्हा लिहिण्याआधी किती घरी गेली होतीस ते लिही. आणि काकांना म्हणावं, भाडेकरारावर सही करायच्या आधी झेरॉक्स मला पाठवा. इंग्रजीत असेल तर मराठी करून मागा, देत नसतील तर सही पुढच्या आठवड्यावर ढकला.

आप्पा